रॅलीत आलेला फोन

राधानगरी रोडवरच्या पंपावर सकाळी दहालाच शंभरेक मोटरसायकली येऊन थांबल्या. सीमेकडच्या दहशतवादी हल्ल्याला सहा दिवस झाले होते आणि तालीम मंडळानं आज निषेधाची रॅली काढली होती, पंपावरनं कोल्हापूरच्या बिंदू चौकात. आता निषेध म्हटला की गाडी आली, आणि गाडी म्हटली की पेट्रोल. तालमीचा अध्यक्ष उदयसिंह यानं पोरांना दोन-दोन लिटरची कूपनं वाटली होती.

पेट्रोल सोडायला प्रीती एकटीच. तिचा धाकटा भाऊ प्रसेनजीत फौजेत होता, हल्ला झाला त्याच भागात. सहा दिवस त्याचा फोन नव्हता. मशिनजवळ मोबाईल चालत नाही, म्हणून तिचा मोबाईल काचेच्या केबिनमध्ये, मॅनेजर गणपतरावांच्या टेबलावर. वाजला की हात करतो, असं त्यांनी सांगितलं होतं. प्रीती कूपन घेत होती, पेट्रोल सोडत होती आणि दर मिनिटाला केबिनकडं बघत होती.

"घुसून मारायचं की," उदयसिंह बुलेटवर बसूनच बोलत होता. "किती दिवस नुसता निषेध करायचा? एकदा बाँब टाकायचे, मिटलं."

"मग निघालास कुठं? बिंदू चौकात?" मागनं केरबातात्यांनी विचारलं. दूध घालून परत निघालेले तात्या रॅलीच्या रांगेत अडकले होते. आठ वर्षं आखातात टँकर चालवून आलेला माणूस. तेलावर बोलायचा हक्क पंचक्रोशीत आपल्यालाच, असं त्यांचं मत.

"तात्या, थट्टा नको. माणसं मेल्यात तिकडं."

"थट्टा कोण करतंय? बंदुकांना पैसा कुठनं येतो? तेलातनं. आणि तेल जाळतंय कोण? तू. तुझ्या टाकीत आपल्या उसाचं इथेनॉल हाय वीस टक्के. बाकीचं सगळं भाईरचं. त्यांचंच भरायचं आणि त्यांच्याच नावानं बोंबलायचं."

"मग काय करायचं म्हणतासा?"

"सोडून द्यायचं. त्यांचं तेल नको, त्यांचं भांडण नको. ते सीमेवरचे डोंगर बी नकोत. आपली पोरं माघारी बोलवायची आणि गप ऱ्हायचं."

पोरं माघारी बोलवायची, हे प्रीतीनं नीट ऐकलं. म्हाताऱ्याच्या तोंडात साखर पडो, असं तिला वाटून गेलं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं गाडी पुढं रेटली आणि हँडलला अडकवलेला कॅन काढला.

"पोरी, टाकी फुल्ल कर. आणि ह्यात पाच लिटर. युद्ध लागलं तर भाव भडकंल."

"कॅनमध्ये देत न्हाय, तात्या."

"मी काय परका हाय व्हय?"

एकाच माळेचे मणी सगळे. प्रीतीला दोघांचाही सारखाच संताप आला, पण संताप दाखवायचा पगार तिला मिळत नव्हता. तिनं तात्यांची टाकी भरली.

नॉझल अडकवताना तिनं केबिनकडं बघितलं. गणपतराव काचेआडनं हात करत होते. दुसऱ्या हातात तिचा मोबाईल.

ती निघाली, पण जाणार कुठनं? मशीन आणि केबिनच्या मध्ये हँडलला हँडल लावून गाड्या.

"गाडी सरकवा जरा. माझा फोन आलाय."

"ताई, आधी पेट्रोल सोडा की. जवानांसाठी निघालोय आम्ही."

"जवानाचाच फोन हाय," ती म्हणाली. पण उदयसिंहनं त्याच घटकेला बुलेटच्या सायलेन्सरमधनं फटाके फोडायला सुरुवात केली होती. त्याचं बघून आणखी दहा जणांनी फोडले. ठो, ठो, ठो. पंपाचं छप्पर दणाणलं. त्यात घोषणा. प्रीती दोघांच्या मधनं घुसली, एका गाडीच्या सीटवरनं पाय टाकून पलीकडं गेली. पोटरीला तापलेला सायलेन्सर लागला, तशीच पुढं गेली.

ती केबिनमध्ये शिरली तेव्हा गणपतराव मोबाईलकडं बघत उभे होते.

"फोन कट झाला. मीच उचलला शेवटी. म्हटलं, पोरगं परत कधी फोन करंल, काय भरवसा."

"बरा हाय?"

"बरा हाय, बरा हाय. त्याचं सोड. हितनं हे फटाकं वाजायला लागलं आणि तो वरडायलाच लागला. काका, तिथं फायरिंग कसली चाललीय? ताई कुठं हाय? मी आपला सांगतोय, रॅली हाय बाबा, रॅली हाय. त्याला ऐकूच जाईना. ताईला खाली झोपायला सांगा, डोकं वर काढू नको म्हणावं, एवढंच दोनदा म्हणाला. आणि तुटला."

प्रीतीनं त्या नंबरावर फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

दारात उदयसिंह आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. हातात मोबाईल, कॅमेरा तिच्याकडं.

"ताई, तुमचा भाऊ फौजेत हाय हे आधी न्हाय का सांगायचं? लाईव्ह हाय हे, सगळं कोल्हापूर बघतंय. काय म्हणाला आपला जवान?"

मागं पोरांनी गाड्या बंद केल्या. तात्यासुद्धा मान पुढं करून ऐकायला लागले.

"त्याला वाटलं, हल्ला हितं झालाय," प्रीती म्हणाली. "अजून तसंच वाटतंय त्याला."