कंपनीची नाव

साहेबांनी नावेत वाकून पाहिलं, तेव्हा आतल्या कोंबडीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती अंड्यांवर तशीच बसून राहिली.

"म्हणजे बातमी खरी आहे तर," साहेब म्हणाले.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. पंखे बनवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीनं साहेबलोकांच्या सहलीसाठी मुळशीच्या तलावावर नाव ठेवली होती आणि नावेला राखणदार म्हणून कोंडाजी. सुरुवातीला साहेबलोक मोजून दोनदा आले. पुढे कोंडाजी वारला आणि त्याच्या जागी त्याची बायको सगुणाबाई राखण करू लागली. त्यालाही सहा वर्षं झाली. काठावरची कंपनीची खोली हेच तिचं घर. पोटी मूल नाही, वस्ती कोसभर वर. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेल्या गावाची जोती उघडी पडायची. तेवढाच तिला शेजार.

साहेबांनी खिशातून कात्रण काढून मोठ्यानं वाचलं. "'नऊ वर्षांत नावेला पाणी लागलेलं नाही. तीत कोंबड्या अंडी घालतात आणि कंपनी कोंबड्यांवर पहारा ठेवते.' अख्खी मुंबई हसतेय आम्हाला, बाई. पेपरवाल्यांना हे सांगितलं कुणी?"

"मला काय ठावं, सायेब? मला कुटं लिवता-वाचता येतंय? बसा की. च्या ठिवलाय."

"शाळामास्तर? पोस्टमन?"

"मास्तराची बदली झाली. बहिरू पोस्टमन तर गरीब गाय हाय. साखर बास का? तुमास्नी लेकरं किती?"

"दोन."

"थोरली पोरगी आसंल."

"बाई, राहती खोली जायची वेळ आलीय आणि तुम्ही माझ्या पोरांची कसली चौकशी करताय!"

सगुणाबाई हळूच म्हणाली, "हितनं काढलं तर मी जाऊ कुटं?"

साहेब जरा नरमले. "काढत नाही. मोठे साहेब म्हणतात, आता नाव विकली तर बातमी खरी ठरेल, आणि कंपनीचं उरलंसुरलं नावही जाईल. तेव्हा नाव राहील, तुम्हीही राहाल. कोंबड्या तेवढ्या हलवा."

"मंग दोन घास खाऊन जावा. कालवण तयार हाय. भाकरी काय, आत्ता थापते."

"छे, वेळ कुठाय!" साहेबांनी उभ्या उभ्या अर्धा चहा घेतला आणि जीपमध्ये पाय ठेवला. "एक ध्यानात ठेवा. पुन्हा एक ओळ जरी छापून आली, तर मला परत इथवर यावं लागेल. मग मात्र ही खोली राहायची नाही."

"व्हय, सायेब."

जीप धूळ उडवत चढ चढून गेली. तिची घरघर ऐकू येईनाशी होईपर्यंत सगुणाबाई दारात उभी होती. कालवण तिला एकटीला दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी बहिरू पोस्टमन वरच्या वस्तीकडे निघालेला दिसला. तिनं हाक मारून त्याला नावेच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि कोरं पोस्टकार्ड त्याच्यापुढे धरलं.

"मागल्या बारीवानीच लिव, बहिरू. पर या टायमाला जरा झोंबंल आसं. म्हंजी दोगं-तिगं येतील."