कच्च्याचा आठवडा

साडूने गरम सुपाचा डाव तिच्या वाडग्यापर्यंत आणला, तेवढ्यात चष्मेवाल्याने हात आडवा घातला.

"तिला नको, मलाही नको. आम्ही दोघं आठवडाभर कच्च्यावर आहोत."

त्याने पिशवीतून डबा काढला. काकडी, गाजर, कोबी, भिजवलेले दाणे. अर्धं बायकोच्या ताटलीत वाढलं, अर्धं आपल्या. साडू म्हणाला, जेवायला पाहुणे बोलावले आणि शेळ्यांची जोडी आली. सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, की खूळ याचं, पण पाला मला चघळावा लागतोय.

चष्मेवाला हे नाव साडूनेच पाडलेलं. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. ती सॉस आणि मुरंब्यांच्या कारखान्यात चव पाहायच्या कामावर होती. तिने मान हलवल्याशिवाय तिथून एकही बाटली बाहेर पडत नसे. कारखान्यात तिला 'जीभ' म्हणत, आणि ती ते कौतुकाने मिरवायची. दिवसभर चाखून आलेल्या बायकोला घरी पुन्हा चुलीपाशी उभं करायचं नाही, म्हणून लग्न झाल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडे होता.

त्या आठवड्यात आमंत्रणांची नुसती रांग लागली होती. शेजाऱ्यांकडे नातू झाल्याचं जेवण, मित्राला बढती मिळाली म्हणून पार्टी. त्याने एकही आमंत्रण मोडलं नाही. तिला माणसांत राहायला आवडायचं, काकडीपायी माणसं कशाला तोडायची, असं तो म्हणे. प्रत्येक ठिकाणी डबा घेऊन जाई आणि प्रत्येक ठिकाणी बोलणी खाई. कुणी विचारलं तर एकाला सांगे वजन वाढलंय, दुसऱ्याला सांगे पित्त झालंय.

भूक त्यालाही लागत होती. दुकान बंद करून येताना बेकरीसमोर त्याची पावलं आपोआप रेंगाळायची. लोणी लावून भाजलेल्या पावाचा वास नाकात शिरला, की पोटात कावळे कोकलायचे. पण खरं सांगायचं तर तो झुरत होता तो पावासाठी नव्हे.

पूर्वी जेवायला बसलं की ती पहिला घास घ्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. लसूण करपलाय. मिरी जास्त झाली. मीठ शेवटी घातलंस ना, कळतंय. तो चिडायचा. गाढवाला गुळाची चव काय, असं पुटपुटायचा, आणि मग दोघंही हसायची. आता समोरासमोर बसून दोघं गाजरं चावत. कच्च्या गाजरात ती काय दोष काढणार? कधी तरी तो उगाचच विचारी, "कसं लागतंय?" ती म्हणे, "गाजरासारखं." आणि खिडकीबाहेर बघत राही. त्याच्या मनात येई, हिने आता एकदा तरी आपल्याला नाव ठेवावं.

आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी ताईने, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीने, मुद्दाम पुन्हा जेवायला बोलावलं. पथ्य आपल्याच हातचं खाऊन सुटावं अशी तिची इच्छा होती. धाकटी किती उतरली आहे, हे तिला बघवत नव्हतं. साडूच्या ओळखीचे, कारखान्याचे मॅनेजरही आले होते. त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"नवा सॉस आहे. आठवडाभर तुमच्यासाठी अडवून ठेवलाय. आज पथ्य संपलं ना? एवढं चाखून सांगा, उद्या भरायला घेतो."

त्यांनी चमचा भरून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला. चमच्याकडे ती बघतच राहिली. बिचारी किती आसुसली आहे, असं ताई साडूच्या कानात म्हणाली.

तिने चमचा ओठांशी नेला, आणि चष्मेवाल्याने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"संपलं नाही. आणखी एक आठवडा करायचंय."

ताईचा आवाज चढला. "भावजी, तुम्हाला उपाशी मरायचं तर खुशाल मरा. माझ्या बहिणीला का छळता?"

तो खाली मान घालून बसला. मॅनेजरांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि शांतपणे सांगितलं, की आठवडाभर अजून थांबतो, पुढे मात्र दुसरी जीभ शोधावी लागेल. कुणीतरी म्हणालं, असल्या हट्टी माणसाबरोबर तिने दिवस कसे काढले असतील. ते त्यानेही ऐकलं.

घरी जाताना वळणावर तिने त्याचा हात धरला आणि मग सोडलाच नाही.

"ताईच्या सुपाचा एक घोट तरी घेऊ द्यायचा होतास," ती म्हणाली. "किती तरसले होते मी."

"चुकलंच माझं."

"खरं सांग, हे खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून?"

"मासिकात वाचलं होतं."

मासिक वगैरे काही नव्हतं. आठवड्यापूर्वीच्या सकाळी त्याने घाईत साखर समजून तिच्या कॉफीत दोन चमचे मीठ घातलं होतं, ती कॉफी तिने खिडकीशी बसून घोट घोट घेत संपवली, आणि रिकामा कप त्याच्या हातात देत म्हणाली, "आज अगदी जमलीय."