लाह्यांसारखा आवाज

"हा काय आवाज आहे? लाह्या फुटल्यासारखा तडतड!" बहिणीच्या जुन्या फोनचं भरभर वाचणं ऐकून श्रीरंग वैतागला. दृष्टी नसलेल्या धाकट्या बहिणीसाठी, कुमुदसाठी, त्याने हौसेने नवा फोन आणला होता. हा फोन मेसेज वाचून दाखवायचा, तेही अगदी गोड आवाजात. कुमुदने मात्र फोन परत खोक्यात ठेवला.

"दादा, मला वाचून दाखवणारं माझं फुकटचं सॉफ्टवेअरच बरं. त्याचं असं आहे की..."

"भावापेक्षा ते जवळचं?" पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. भाऊबीजेलाही ओवाळून घ्यायला गेला नाही.

फोन निदान कुणाच्या उपयोगी पडावा म्हणून तो अंध मुलींच्या वसतिगृहात गेला. जिना चढतानाच त्याला लाह्या फुटताना ऐकू आल्या. एका खोलीतला फोन भूगोल वाचत होता, दुसरीतला कुणाच्या आईचा मेसेज, पण आवाज तोच.

"पूर्वी हे सॉफ्टवेअर मराठी वाचायचं ना, तर काही कळायचं नाही," वकिलीचं शिकणारी एक मुलगी म्हणाली. "कुमुदताईंनी सात वर्षं बसून एकेक शब्द दुरुस्त केला. म्हणून तर मी कायदा वाचतेय."

श्रीरंगने नव्या फोनचं खोकं तिच्या हातात दिलं. तिने नवा आवाज लक्षपूर्वक ऐकला.

"गोड आहे हो. पण यात आमचा आवाज घालून द्याल?"

श्रीरंगने तिथूनच बहिणीला फोन लावला.

"कुमे, तुझा तो आवाज नव्या फोनमध्ये कसा घालायचा गं? सावकाश सांग. या वेळी पूर्ण ऐकतो."