ओळखता का?

हिंदुरावांनी बजाबाईंचा कोंबडा चोरल्याचा खटला सोलापूरच्या कोर्टात अकरा वर्षं चालला होता. कधी वकील गैरहजर, कधी पोलीस. शेजारशेजारच्या गावांतले आरोपी आणि फिर्यादी मात्र दर खेपेला एकाच एसटीने न चुकता हजर. अखेर बजाबाईंच्या साक्षीचा दिवस उजाडला. त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. समोर हिंदुराव टोपीनं घाम पुसत होते, कारण गुन्हा शाबीत झाला तर तुरुंगच होता.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, या आरोपीला ओळखता का?"

"न ओळखायला काय झालं, साहेब? माझं व्याही हायत. एसटीतच सोयरीक जुळली की!"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनाही हसू आवरेना. "मग आता तक्रार मागे घेता ना?"

"ती कशापायी? कोंबडा ह्यांनीच चोरलाय. मी सोता बघितलंय. शिक्षा करा."

हिंदुरावांनी टोपी पुन्हा कपाळाला लावली.

बजाबाईंनी हात जोडले. "पण साहेब, आज न्हाय. रविवारी आमच्या नातवाचं बारसं हाय, आन ते ह्यांच्याच घरी हाय. पंगत उठली की खुशाल घेऊन जावा."