साडू यायच्या आत

जावयाने तिसऱ्यांदा कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ तिसऱ्यांदा उमटली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

"सकाळपर्यंत तर होती," सासरे म्हणाले. "कुठे ठेवलीत?"

दोष सगळा प्रिंटरचा. सासरे सोसायटीचे चिटणीस. आठवड्याला तीन सूचना छापून जिन्यात चिकटवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम आली आणि तिने त्यांच्या म्हाताऱ्या प्रिंटरला ओळखच दाखवली नाही. तेव्हा जावई बोलून गेला, "जुनी सिस्टिम परत टाकू. अर्ध्या तासाचं काम." तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, हे खरं. तिथे तो जाहिरातींचं काम बघायचा, हे सासरी कुणी विचारलं नव्हतं.

आता अकरा वाजले होते आणि चार वाजता साडू येणार होता. साडूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "मग, हल्ली काय विकता?" चारपर्यंत हे यंत्र चाललं नाही, तर साडू ते सगळ्यांदेखत दहा मिनिटांत चालू करणार होता आणि पुढची दहा वर्षं ती गोष्ट सांगणार होता.

फोनात बघायची सोय नव्हती. सासरे खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. "फोनात बघून काय, कुणीही करेल," हे त्यांनी आधीच ऐकवलं होतं.

"जरा पोट बिघडलंय," असं म्हणून जावई बाथरूममध्ये शिरला.

आत त्याने जुन्या सिस्टिमच्या शौकिनांचा एक मंच शोधला आणि 'धडपड्या' या नावाने लिहिलं: "सासऱ्यांचा कॉम्प्युटर. जुनी सिस्टिम टाकली, सुरूच होत नाही. चार वाजता साडू येतोय. वाचवा."

दोन मिनिटांत 'जुनंखोड' नावाच्या कुणाचं तरी उत्तर आलं. "ज्या पेनड्राइव्हवरून सिस्टिम टाकली, तो अजून लावलेलाच आहे ना? तो आधी काढा. कॉम्प्युटर त्यातच शोधत बसलाय."

जावयाने बाहेर येऊन, खोकल्याच्या आवाजाआड पेनड्राइव्ह उपटला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पडदा उजळला.

"काय केलंत?"

"आतली एक सेटिंग होती. किचकट असते."

सासूबाई गरम पाण्याचा पेला घेऊन आल्या. "प्या. पोटाला बरं." त्यांच्या दुसऱ्या हातात फोन होता.

"हिचं बहिणीशी दिवसभर चालूच असतं," सासरे म्हणाले.

बारीकसारीक अडचणींपायी बाथरूमच्या आणखी तीन खेपा झाल्या. मग कळलं, इंटरनेट नाही. नेटवर्क चालायला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम हवा होता. तो मिळत होता इंटरनेटवर.

"म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात," सासरे समजून घेत म्हणाले. "छान सोय केलीय."

जावई पुन्हा पोट धरून उठला.

"बायकोच्या लॅपटॉपवर उतरवून घ्या, पेनड्राइव्हने न्या," जुनंखोडने सांगितलं. "पण पुढच्या निळ्या खाचेत लावू नका, जुन्या सिस्टिमला ती कळत नाही. मागे काळी आहे, तिच्यात लावा."

"देवमाणूस आहात," जावयाने भरल्या मनाने लिहिलं. "इथे सासूबाई सारख्या गरम पाणी पाजतायत. त्यांना बिचाऱ्यांना वाटतंय, मी टीव्ही दुरुस्त करतोय."

या वेळी उत्तराला जरा वेळ लागला. "पाणी प्या. पाण्याने नुकसान होत नाही."

जावयाने आतूनच बायकोला मेसेज केला. तो बाहेर आला तेव्हा ती लॅपटॉप घेऊन दाराशी उभी होती. "पाचव्यांदा गेलास. डॉक्टरकडे जायचं का?"

"काम झालं की बरं वाटेल."

"वाटलंच मला. हे दुखणं पोटाचं नाही, भाऊजींचं आहे."

साडेतीनला नेटवर्क आलं, पण एकही पान उघडेना. सासऱ्यांनी चष्मा सरसावून पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली.

"अहो, हे साल बघा. या साली तुमचं लग्नच झालेलं नाही. कॉम्प्युटरच्या मते तुम्ही अजून आमचे जावई नाही. अनोळखी माणसाला नेट कसं देईल तो?"

जावई घाईघाईने उठला. "सहावी खेप," म्हणत सासऱ्यांनी बोट दुमडलं.

"ते बरोबर सांगतायत," जुनंखोडने लिहिलं. "तारीख चुकली की ही पानं उघडत नाहीत. आजची घाला."

पावणेचारला पानं उघडली. प्रिंटर दोनदा खोकला आणि त्यातून सूचना बाहेर आली: 'जिन्यात चपला ठेवू नयेत.' सासऱ्यांनी ती लहान मूल उचलावं तशी उचलली.

चारच्या ठोक्याला साडू आला, हत्यारांची पेटी घेऊन.

"ती पेटी ठेवा खाली," सासरे म्हणाले. "धाकट्यांनी एकट्याने केलं सगळं. फोनाला हातसुद्धा लावला नाही."

साडूने पुढून पाहिलं, मागून पाहिलं. नाव ठेवायला काही सापडेना. "मागच्या खाचेत लावलंत?" शेवटी तो म्हणाला. "बऱ्याच जणांना सुचत नाही हे."

"अनुभव," जावई म्हणाला आणि सातव्यांदा आत गेला. कडी लावून त्याने लिहिलं: "जिंकलो! साडूचं तोंड तुम्ही बघायला हवं होतंत. कधी भेटलात तर पाया पडेन."

उत्तर लगेच आलं.

"बघितलं की. पाया कशाला, जावईबापू, बाहेर या, चहा टाकलाय. आणि तुमच्या सासऱ्यांजवळ यातलं काही बोलू नका. वीस वर्षं त्यांना वाटतंय, बंद करून चालू केला की कॉम्प्युटर आपोआप नीट होतो."