राजकुंवरबाईंना जाऊ द्या

"तुझं काहीएक ऐकणार नाही मी, इंदर. माझं ठरलंय," असं फोनवर म्हणून राजकुंवरबाई उंटावर चढल्या.

पिरॅमिडच्या सावलीत उभ्या असलेल्या हेमलताबाईंनी आनंदानं टाळ्याच वाजवल्या. त्यांचा सारा जन्म दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत गेलेला. इजिप्तला निघाल्यावर पुण्याच्या मुलानं त्यांनाही 'या वयात कशाला?' असं ऐकवलं होतं. जळगावहून निघालेल्या या सहलीत खोलीत सोबतीला राजकुंवरबाई मिळाल्या आणि हेमलताबाईंना दहा हत्तींचं बळ आलं.

राजकुंवरबाई जळगावच्या कापडवाल्या जैन घराण्यातल्या. सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, कांदा-बटाट्याला शिवायच्या नाहीत, पण हौस अशी दांडगी की तरुणांनी तोंडात बोट घालावं. उंट झाला, घोडागाडी झाली, नाईलमधली शिडाची होडी झाली. लक्सरला तर पहाटे गरम हवेच्या फुग्यातही बसल्या. खाली उतरताच विचारतात कशा, "पुन्हा बसू?"

बाजारात मात्र त्यांनी कशालाच हात लावला नाही. संग्रहालयात राजाच्या सोन्यापुढे उभ्या राहून त्या खुदकन हसल्या. "एवढं सोबत घेऊन निजला बिचारा, अन् शेवटी बठ्ठं, सगळंच काचेत!"

संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात त्या अनवाणी फेऱ्या मारायच्या. "पायांना सवय हवी," म्हणायच्या. हेमलताबाईंना वाटलं, उद्याच्या देवळांच्या पायऱ्यांची तयारी चाललीय.

मुलाचा फोन रोज यायचा. "नुसतं हो म्हण, इंदर," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. फोन ठेवला की डोळे पुसायच्या.

"मुलगा सोडत नाही ना हो?" एकदा हेमलताबाईंनी विचारलंच.

"जीव आहे त्याचा माझ्यावर. अन् त्यानं हो म्हटल्याशिवाय मला पाऊल उचलता येत नाही."

"का म्हणून? तुम्ही काय कुकुलं बाळ आहात?"

"आमच्यात तशी रीत आहे."

रीत! हेमलताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथवर आलेल्या बाईला पुढच्या वाटेसाठी पोराचा होकार लागतो म्हणजे काय! त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, पुढच्या वर्षी दोघींनी ग्रीस पाहायचं. राजकुंवरबाई गालातल्या गालात हसल्या.

"तुम्ही जा. माझ्या वाटचंही बघून या."

बिचारीनं आधीच हार मानली, असं हेमलताबाईंना वाटलं. त्यांना रडूच आलं.

जळगाव स्टेशनवर इंदरचंद घ्यायला आला होता. पन्नाशीचा माणूस, दाढीचे खुंट वाढलेले. आई गाडीतून उतरताच त्यानं फलाटावरच तिचे पाय धरले.

"आई, आता तरी हट्ट सोड. घरी राहा."

हेमलताबाईंनी बॅग खाली ठेवली आणि पदर खोचला.

"भाऊ, जरा ऐका माझं. आयुष्यभर तुमचं घर सांभाळलं यांनी. आता एक गोष्ट स्वतःच्या मनासारखी करायला निघाल्या, तर तुम्ही पाय धरून बसता? ही माया म्हणायची की बेडी? जाऊ द्या त्यांना! माझ्या पोरानं असं अडवलं असतं ना, तर जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं मी."

हमाल वळून पाहू लागले. राजकुंवरबाई नुसत्या मुलाकडे बघत राहिल्या.

इंदरचंद आईचे पाय सोडून मागे सरला. मग उठला, बाहीनं डोळे पुसले.

"परक्या माणसाला कळतं, ते मलाच कळेना. जा, आई. माझी ना नाही."

राजकुंवरबाईंनी हेमलताबाईंना घट्ट मिठी मारली. हेमलताबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

"आता ग्रीसचं बुकिंग मीच करते बघा दोघींचं!"

इंदरचंद त्यांच्याकडे बघतच राहिला.

"कुठलं ग्रीस, मावशी? इजिप्तला तर मीच हातापाया पडून पाठवलं होतं, संसारात पुन्हा मन रमेल म्हणून. आई दीक्षा घेतेय. माझ्या होकारावाचूनच अडलं होतं. आता पुढच्या आठवड्यात ती साध्वी होईल, अन् मग मला कधी मुलगा म्हणून हाक मारणार नाही."