अनोळखी माणसाची खुर्ची

"हलायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही," बाईंनी बजावलं आणि त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

घड्याळजीनं मान डोलावली. जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. गप्प बसायला त्याला शिकवावं लागत नव्हतं.

संशोधन केंद्रात बाईंनी लांडग्याची आणि कुत्र्याची पिल्लं एकत्रच, बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. माणसाचा लळा दोघांनाही सारखाच लागतो का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाई, दुसरीवर अनोळखी माणूस. असा माणूस हवा असल्याचं वर्तमानपत्रात वाचून घड्याळजी आला होता. मिशांना जनावरं बुजतात, असं कुणाकडून तरी ऐकून त्यानं जुनी झुपकेदार मिशीही उतरवून टाकली होती.

दार उघडलं. लाडोबा, कुत्र्याचं पिल्लू, बाईंना भेटला आणि लगेच घड्याळजीच्या बुटाची नाडी ओढायला लागला. जगमित्रच तो. शहाणी, लांडग्याचं पिल्लू, मात्र बाईंच्या पायांमागे दडली आणि तिथून त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

घड्याळजी नेमानं येत राहिला, दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून. काम झालं की मागच्या खोलीत चहा व्हायचा. मदतनीस मुलगी त्याला काका म्हणायची, त्याच्या विनोदांवर खळखळून हसायची. बाई नुसतं 'तुम्ही' म्हणत. घरी टिकटिक ऐकून कान किटलेत, तुमच्यामुळे चार माणसांत बसतो, तुमचे उपकार आहेत, असं तो सारखं म्हणायचा.

एकदा चहा चालू असताना बाईंना आईचा फोन आला. आईचे गुडघे फार दुखत होते. पुढच्या खेपेला त्यानं आल्या आल्या गुडघ्यांची चौकशी केली. बाईंनीही सगळं सविस्तर सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चहा गार झाला.

आणि मग एके दिवशी शहाणी बाईंच्या खुर्चीमागून निघाली. दबकत आली, त्याचा बूट हुंगला, बुटावर हनुवटी टेकली आणि झोपून गेली. घड्याळजी हलला नाही. डोळे भरून आले, तेही त्यानं पुसले नाहीत.

बाईंनी प्रयोग थांबवला. आता पिल्लं तुम्हाला ओळखायला लागली, अनोळखी माणूस नवा शोधावा लागेल, असं त्या म्हणाल्या. मदतनीस मुलीचा चेहरा पडला. घड्याळजी म्हणाला, चालायचंच, हे कधीतरी व्हायचंच होतं. त्यानं शहाणीची हनुवटी अलगद बाजूला केली आणि उठला.

"इतके दिवस समोर बसू दिलंत," तो हात जोडून म्हणाला. "याहून जास्त माणसानं काय मागावं?"

बाई त्याला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. कडी काढली, पण फाटक उघडलं नाही.

"शहाणीला ओळख पटायला इतके दिवस लागले," त्या म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी पटली, बाबा."